खिडकीतली बाटली

मी एक जुना काचेचा ड्रॉपर आहे. माझं टोक टवकलं आहे, डोक्यावरचं रबर चिरलं आहे. पण मित्रांनो, माझा राग अजून शाबूत आहे.

प्रयोगशाळेत मी नवा होतो तेव्हा माझी चांगली बडदास्त होती. पिंजऱ्यातल्या दहा गिनिपिगना रोज सकाळी क जीवनसत्त्वाच्या औषधाचे प्रत्येकी मोजून दहा थेंब पाजायचे, हे माझं काम. हे जीवनसत्त्व त्यांच्या अंगात तयार होत नाही आणि त्यांच्या खाद्यातून प्रयोग करणाऱ्या साहेबांनी ते मुद्दाम वगळलं होतं. म्हणजे त्यांचे दात वाढणार ते माझ्याच थेंबांवर. साहेब दर आठवड्याला दात मोजत. मावशी जनावरांना सांभाळत आणि मला उकळून, पुसून ठेवत.

औषधाच्या बाटलीची जागा फ्रीजमध्ये होती. पण तिथं साहेबांचा जेवणाचा डबा ठाण मांडून बसला आणि बाटली गेली खिडकीत, थेट उन्हात. आठवड्याभरात औषध पिवळं पडलं. त्यातला जीव केव्हाच गेला होता आणि मी रोज निमूटपणे नुसतं पाणी पाजत होतो. त्याची मला आजही चीड येते.

सगळ्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्यांतल्या पांढरीचे तर दात हलायला लागले, तिला गवताची काडीही चावेना. साहेबांनी वहीत लिहिलं, 'जनावरंच कमजोर.' मावशींनी दोनदा बाटलीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही पिंजरे झाडा," साहेब म्हणाले.

तिसऱ्यांदा मावशींनी वेगळीच युक्ती केली. सकाळी आल्या आल्या त्यांनी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि डबा खिडकीत. दुपारी साहेबांनी झाकण उघडलं आणि नाक धरलं.

"माझा डबा उन्हात कोणी ठेवला? सगळं आंबलंय."

"मी ठेवला. तुमचा डबा चार तासांत नासला, साहेब. ती बाटली महिनाभर तिथंच होती."

डब्याचं दुःख साहेबांना लगेच कळलं. नवं औषध त्याच दिवशी आलं. नऊ जणांचे दात पुन्हा वाढू लागले. पांढरीच्या तोंडात मीच दहा ताजे थेंब सोडले, पण तिला गिळता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. वहीत तिच्यापुढे साहेबांनी दोनच शब्द लिहिले: 'नमुना बाद.'

मित्रांनो, मुक्या जिवाला काही पाजाल, तर आधी ते उजेडात धरून नीट पाहा. काही चुकलेलं दिसलं, तर बोला. मला सगळं दिसत होतं, बोलता येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं.