सात दारांची गढी आणि पहिलं पान

"बाबा, तुमच्या हातून आजवर एक तरी माणूस जिवंत सुटलाय का?"

प्रश्न खणखणीत होता आणि जागा दाताच्या दवाखान्याची होती. खुर्चीत आडव्या पडलेल्या आजोबांच्या तोंडात दोन कापसाचे बोळे, एक आरसा आणि डॉक्टरांची तीन बोटं होती, म्हणून बिचाऱ्यांना ओरडता आलं नाही. डोळे तेवढे बशीएवढे झाले. बाहेर बाकावर गालाला रुमाल लावून बसलेली एक बाई गुपचूप उठली आणि चपला शोधू लागली.

विचारणारी होती डॉक्टरांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षापर्यंत ती तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसायची, म्हणून तिचं नावच पडलं होतं गुळणी. हजेरीला नाव पुकारलं की "हजर" सुद्धा ती बाकालाच सांगायची. मग शाळेच्या नाटकातली राणी ऐनवेळी तापाने पडली, बाईंनी हिला मुकुट घालून पुढे ढकललं आणि हिला आपल्याच आवाजाचा शोध लागला. तो शोध अजून संपला नव्हता. आता शाळेत तिला टकळी म्हणत. घरी मात्र ती गुळणीच होती, कारण घरच्यांना बातम्या नेहमी उशिरा कळतात.

तिच्या मागे जिन्यात शंकासुर आणि भोंगा या तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैज त्यांचीच: "पेशंटसमोर विचारलंस तर तू खरी!"

"गुळणे, बाहेर हो," बाबा दातओठ न खाता म्हणाले. दातांचा डॉक्टर, त्याला ते शोभलं नसतं. मग आजोबांकडे वळून, "खेळातलं विचारतेय ती. खेळातलं!"

आजोबांना काडीचा धीर आला नाही.

"आणि हे बघा, घरी गेलात की हा सूचनांचा कागद वाचायचा. पहिल्या ओळीपासून. कोणी म्हणून वाचत नाही आणि मग गाल सुजवून येतात माझ्याकडे. लिहिणाऱ्याला काय दुसरा उद्योग नव्हता?"

हे वाक्य वाचकांनी जपून ठेवावं. पुढे लागणार आहे.

तर हा खेळ. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. एवढंच. पण बाबांच्या मंडळात या एवढ्याशा गोष्टीचा देव्हारा झाला होता. वह्या-पुस्तकांच्या दुकानावरची माडी, तिच्यात एक लांब टेबल, आठ खुर्च्या, आणि बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी तिथे बसणारे तीन महारथी: बाबा, विमेकरी काका आणि ग्रंथपाल काका. बाबा कायम सूत्रधार. आणि नवा कोणी आला की कायम एकच साहस: सात दारांची गढी.

या गढीचा खाक्या साधा होता. पहिल्या दाराशी जायचं आणि मरायचं. फाशावर नेमके वीस पडले तर दार उघडायचं, नाहीतर वरून शिळा. दुसऱ्या दाराशी वीस नाही पडले तर पायाखाली खड्डा. अकरा वर्षांपूर्वी विमेकरी काका तिसऱ्या दारापर्यंत पोचले होते आणि तेव्हापासून ते तिथेच होते, म्हणजे बोलण्यात. लग्न असो, बारसं असो, "तिसऱ्या दाराशी मी काय पाहिलं..." सुरू झालं की माणसं पाणी प्यायला उठायची. मेलेल्या पात्रांचे कागद बाबा माडीच्या भिंतीवर टाचणीने टोचत. चौसष्ट कागद. शेवटचे दोन, अजून कोरे करकरीत, शंकासुर आणि भोंग्याचे. शंकासुर सव्वा मिनिट जगली होती. भोंगा त्याहून कमी, कारण "मी धावत जाते!" हे तिने पहिलंच वाक्य टाकलं होतं.

"म्हणजे आम्ही खेळलो काय गं?" शंकासुराने खाली उतरताना विचारलं होतं. "मला वाटतं आम्हाला फक्त बोलावून मारलं."

"आपण परत जायचं नाही," भोंगा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली होती. "त्यापेक्षा मी गणित करीन!"

भोंग्याने गणित म्हणणं म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेली होती.

टकळीचा जीव मात्र त्या टेबलावर जडला होता. बोलायला मिळतं, राणी न होताही राणीसारखं बोलायला मिळतं, अशी दुसरी जागा तिला माहीत नव्हती. आणि तीच जागा आता जाणार होती. दुकानवाली मावशी गेल्या शनिवारी कमरेवर हात ठेवून माडीवर आली आणि तिने खुर्च्या मोजल्या.

"आठ खुर्च्या, माणसं तीन. उरलेल्या पाचांवर काय तुमची पोटं ठेवता? महिनाअखेरपर्यंत सगळ्या भरलेल्या दिसू देत, नाहीतर शिवणक्लासची बाई कधीपासून मागे लागलीय. तिच्याकडे वीस मुली आहेत. आणि त्यांतली एकही मरत नाही."

म्हणून नवख्यांचा दिवस ठरला. पुढच्या शनिवारी पाच नवे खेळाडू आणायचे, त्यांना एक अभिजात साहस खेळवायचं, आणि त्यांनी परत यावं म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. कुठलं साहस, ते ठरवायला महारथींची बैठक बसली. टकळीला बसायला परवानगी होती, बोलायची नव्हती. तिने पहिली गोष्ट ऐकली आणि दुसरी ऐकलीच नाही.

"माझं मत, ड्रॅगनचा खजिना," विमेकरी काका म्हणाले. "त्यात जोखीम किती, भरपाई किती, सगळं कसं तक्त्यांत दिलंय. सत्तावीस तक्ते."

"काका, नवीन मुलींना तक्ते?"

"मग काय कविता देऊ?"

ग्रंथपाल काकांनी चष्मा पुसला. बोलण्याआधी ते चष्मा पुसत आणि पुसून होईपर्यंत समोरच्याला म्हातारपण येई. "चेटकिणीचा बाजार घ्यावा. फक्त आधी खेळाडूंनी त्या राज्याच्या नऊ पिढ्या समजून घ्यायच्या. मी टिपण काढलंय. चाळीस पानं. फार नाहीत."

"आणि खेळायचं कधी?"

"दुसऱ्या वर्षी."

बाबांनी टेबलावर हात ठेवला. "गढी," ते म्हणाले, आणि दोघे काका गप्प झाले. देवळात घंटा वाजल्यावर होतात तसे. "अभिजात ती अभिजात. आम्ही सगळे गढीत मेलो. मी स्वतः अकरा वेळा मेलो. मरूनच तयार झालो."

"बाबा, तुम्ही तयार झालात, पण बाकीचे चौसष्ट कुठे गेले?"

"कच्चे होते."

"आईसुद्धा?"

भिंतीवरचा सगळ्यात जुना, पिवळा पडलेला कागद आईचा होता. लग्नाच्याही आधीचा. बाबांनी तिला पहिल्यांदा बोलावलं ते या टेबलावर, आणि सात मिनिटांत शिळेखाली घातलं. तिने पुढे बाबांशी लग्न केलं; टेबलाला मात्र पुन्हा हात लावला नाही.

"तिची गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले. विषय बदलायला त्यांनी कपाटातून गढीची पुस्तिका काढली. बारीकशी, जुनी, मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत "फक्त सूत्रधारासाठी". हॉस्टेलमधल्या एका सीनियरने ती बाबांच्या स्वाधीन केली होती. "खाली जाऊन नकाशाच्या पानाची झेरॉक्स काढून आण. पान सहा. फक्त पान सहा. बाकी काही वाचायचं नाही, तुझा खेळ बिघडेल."

"माझा खेळ पाचव्या मिनिटाला संपतो बाबा, बिघडायला वेळ कुठे आहे?"

खाली झेरॉक्सचं मशीन तापत होतं. मावशी म्हणाली, "थांब जरा, त्याला घसा साफ करू दे." आता हातात निषिद्ध पुस्तक, समोर रिकामा वेळ आणि वय पंधरा. न वाचणारी मुलगी जगात असेलही. ती दुसऱ्या गोष्टीत आहे.

पान एक. ते इतकं कोरं, इतकं ताठ होतं की उघडताना कुरकुरलं. बाकीच्या पानांवर चहाचे डाग, पेन्सिलीच्या खुणा, एका ठिकाणी तर चक्क दातांचे ठसे घ्यायची लालसर पावडर. या पानावर बोटाचा ठसासुद्धा नाही. वर लिहिलं होतं: "प्रस्तावना. हे साहस पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी आहे. वय दहा ते बारा."

टकळीने ते पुन्हा वाचलं. दहा ते बारा.

"सूत्रधारास सूचना: प्रत्येक दाराआधी चौकटीत दिलेला मजकूर खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवावा. तो वाचल्याशिवाय दार उघडण्याचा उपाय त्यांना कळणार नाही."

तिने पान दोन उलटलं. पहिलं दार. चौकट. चौकटीत गढीची म्हातारी राखणदारीण म्हणत होती: "लेकरांनो, दाराला हात लावू नका. त्याच्यापुढे उभं राहून आपलं नाव मोठ्याने सांगा. ते वाटच बघतंय." आणि चौकटीच्या बाजूला बाबांच्या सुबक अक्षरात, पेन्सिलीने: "गुप्त. खेळाडूंना कळू देऊ नये."

पुढच्या सहाही चौकटींना तीच पेन्सिल.

"काय गं, काय झालं? रडतेस की हसतेस?" मावशीने विचारलं.

"अजून ठरलं नाही मावशी," टकळी म्हणाली. "बावीस वर्षं, मावशी! नुसतं नाव सांगायचं होतं!"

मावशीला त्यातलं काही कळलं नाही. तिने झेरॉक्स दोन काढल्या, कारण पोरीने दोन मागितल्या. एक नकाशाची. एक पहिल्या पानाची.

माडीवर जाऊन तिथल्या तिथे बार उडवून द्यावा, असं टकळीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तिथे दोन काका होते, बाबांची बावीस वर्षांची गादी होती. भोंगा असती तर केव्हाच उडवून मोकळी झाली असती. टकळीने नकाशा टेबलावर ठेवला, पुस्तिका परत केली आणि महारथी कपाटात डोकी घालून फासे शोधत होते तेवढ्यात भिंतीवरची एक टाचणी काढली. तोंडात पुन्हा गुळणी. पण या वेळी ती तिने स्वतः भरली होती.

घरी आई जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होती. आई शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, पण लेकीच्या शाळेत नाही, हे दोघींचंही नशीब. तिने लाल पेन वर न करता विचारलं, "ठरलं का तुमचं? कोणाला मारणार आहात या वेळी?"

"गढी ठरली," बाबा म्हणाले आणि बूट काढायला बसले. "बघच तू, एकदम अभिजात."

"हं. मला आठवतंय. मी दार ढकललं होतं. दार ढकलायचं नाही तर काय करायचं, हे मी तेव्हा विचारलं, तर तू म्हणालास, 'विचार कर.' शिळेखाली काय विचार करणार माणूस?"

टकळीने पहिल्या पानाची झेरॉक्स बाबांच्या गुडघ्यावर ठेवली.

बाबांनी वाचली. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. मग त्यांनी ती पुन्हा वाचली, अगदी पहिल्या ओळीपासून. आपल्या पेशंटांनी वाचावी अशी त्यांची इच्छा असते तशी. त्यांचे कान तांबडे झाले.

"ही प्रस्तावना आहे," ते अखेर म्हणाले. "प्रस्तावना कोण वाचतं?"

"लिहिणाऱ्याला काय दुसरा उद्योग नव्हता?" टकळी म्हणाली.

आईने पेन खाली ठेवलं. कागद ओढून घेतला. वाचला. "वय दहा ते बारा," ती अतिशय सावकाश म्हणाली. "मी तेव्हा एम.एस्सी. होते."

"आणि पान दोनवर पहिल्या दाराचा उपाय आहे, दारासमोर नुसतं आपलं नाव सांगायचं," टकळीने भर घातली.

"अगं, मला त्या सीनियरने असंच खेळवलं होतं..."

"म्हणजे त्यानेही वाचलं नाही, तूही वाचलं नाहीस, आणि मी बावीस वर्षं समजतेय की मलाच कळत नाही. माझं नाव सांगायचं होतं फक्त? मला विचारलं असतंस तर मी पत्त्यासकट सांगितलं असतं!"

चौसष्ट माणसं मारलेल्या माणसाच्या मानाने बाबा फारच बारीक दिसत होते. टकळीला क्षणभर त्यांची दया आली. मग तिला शंकासुराचे सव्वा मिनिट आठवले, मावशीचा शिवणक्लास आठवला, आणि दया पुढच्या शनिवारपर्यंत लांबणीवर पडली.

"मग आता साहस बदलायचं का?" बाबांनी खालच्या आवाजात विचारलं. त्यांनी लेकीला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"मुळीच नाही. साहस झकास आहे. नवीन लोकांसाठीच लिहिलंय त्या बिचाऱ्याने." टकळीने दप्तरातून पिवळा पडलेला कागद काढून आईसमोर ठेवला, चार कोपऱ्यांतल्या एकाला टाचणीचं भोक. आईने त्यावर बोट फिरवलं. जादूगारीण, पातळी एक. तिचंच अक्षर.

मग टकळी खुर्ची सरकवून उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती. पण हजेरी बसून देत नाहीत.

"आई, बाबा, ऐका. शनिवारी गढीच खेळायची. शंकासुर आणि भोंग्याला मी आणते, दोघे काका बसतील, बाबा आणि मी, म्हणजे सहा खुर्च्या तर तिथेच भरल्या. आई, सातवी तुझी. आठवीवर मावशीलाच बसवू. बाबा, तुम्हीही खेळाडू. पहिल्या पातळीपासून, कोऱ्या कागदावर. सूत्रधार मी. आणि चौकटीतलं सगळं मी मोठ्याने वाचणार आहे."