थंडीतली उलटी लाथ

मित्रांनो, मी एक जुने हँडल आहे. मोटारीच्या नाकाखालच्या भोकात मला घालून गरकन फिरवले की इंजिन जागे होते. मी एक मनगट मोडले आहे आणि एक गुडघा फोडला आहे, तेही एकाच सकाळी. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा मालक घड्याळजी होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस. त्याचा धाकटा भाऊ मोटार चालवायचा. थंडी पडली की इंजिनातले तेल मधासारखे घट्ट व्हायचे, कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाफ होत नसे आणि दोघांची जुंपायची. थोरला म्हणायचा, चोक ओढ, कार्ब्युरेटरभोवती गरम पाण्याचे फडके गुंडाळ, जरा दम धर. धाकट्याला कुठला दम! तो कार्ब्युरेटरच्या तोंडात सरळ घोटभर पेट्रोल ओतायचा. मला मात्र दोघेही सारखेच धरायचे. अंगठा बोटांच्याच बाजूला, माझ्याभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटी लाथ मारली, म्हणजे ते झटक्यात उलटे फिरले, तर मी हातातून निसटून जाते. हे थोरल्यानेच टपल्या मारमारून धाकट्याला शिकवले होते.

एका गारठलेल्या पहाटे थोरल्याच्या बायकोला, वहिनीला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती. ती मागच्या सीटवर दातओठ आवळून बसली आणि बॅटरीने मान टाकली. थोरला पाणी तापवायला आत गेला तेवढ्यात धाकट्याने पेट्रोल ओतले आणि मला फिरवले. स्टिअरिंगवर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी एक लहान दांडी असते. सुरू करताना ती मागे हवी, नाहीतर इंजिन लाथ मारते. आदल्या संध्याकाळपासून ती पुढेच राहिली होती. इंजिनाने उलटी लाथ मारली, मी निसटले आणि कार्ब्युरेटरातून भडका उडाला. धाकट्याच्या भुवया जळाल्या.

थोरल्याने अंगातला कोट टाकून जाळ विझवला आणि भावाच्या कानफटात दिली. मग रागाच्या भरात मला पकडले. दांडीकडे पाहिले नाही. अंगठा वळवून मूठ गच्च आवळली. मी काय करणार? इंजिन उलटे फिरले आणि त्याचे मनगट कडकन मोडले.

त्याने डाव्या हाताने मला ओढून काढले आणि भावाच्या गुडघ्यावर हाणले. दुसऱ्यांदा मी वर गेले ते डोक्यावर बसायलाच. रक्ताचा वास मला लागला होता, खोटे का बोलू?

"आधी मला पोहोचवा," वहिनी खिडकीतून म्हणाली. "मग पाडा एकमेकांचे मुडदे."

थोरल्याच्या हातून मी गळून पडले. धाकट्याने दांडी मागे घेतली, एका पायावर उभे राहून मला उचलले, अंगठा बाहेर ठेवला. तिसऱ्या फेऱ्याला मोटार सुरू झाली. दिवस उजाडताना मुलगी जन्मली. धाकट्याने मोटारीच्या किल्ल्या वहिनीच्या उशाशी ठेवल्या आणि लंगडत निघून गेला. तो त्या घरी परत आला नाही.

थोरल्याचे मनगट वाकडे जुळले. बारीक काम कायमचे गेले. मला पिंपामागे फेकून दिले आणि एकवीस वर्षे गंजाने खाल्ले. फार वाईट वाटायचे हो.

परवा त्या मुलीने मला बाहेर काढून घासले, तेल लावले. पुन्हा थंडी, पुन्हा बॅटरी मेलेली. तिने मला मुठीत आवळले.

"अंगठा बाहेर," बाप म्हणाला.

"तुमचा कुठे होता तेव्हा?"

"आत. रागात होतो."

"आणि काकांचा?"

"बाहेर. शिकवलेलं तो नाही विसरला. मीच विसरलो."

गरम फडके गुंडाळले, चोक ओढला, दांडी मागे घेतली आणि मोटार सुरू झाली. बापाने मला मांडीवर घेतले.

"हे कशाला?" तिने विचारले.

"काकाकडे जायचंय. त्याला मला मारावंसं वाटलं तर हातात काहीतरी हवं ना."

धाकटा लंगडत दारात आला. थोरल्याने मला पुढे केले. धाकट्याने घेतले. मित्रांनो, मारायला धरतात तेव्हा मूठ कशी वळते ते मला ठाऊक आहे. मी वाट पाहिली. त्याचा अंगठा बाहेरच राहिला.

"बॅटरी गेली वाटतं," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना तेल लावा, पुसून ठेवा. आणि राग आला असेल तर मला हात लावू नका.