कांगारूची ओटी

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली आणि पदरात मूल नाही, की आपल्याकडे सुनेला कुणी "बरी आहेस ना?" असं विचारत नाही. विचारतात ते एकच, "काय, काही विशेष?" नळावर हेच, पिठाच्या गिरणीत हेच, हळदीकुंकवाला गेलं तर अत्तर लावता लावता हेच. पंचवटीतल्या चाळीत राहणाऱ्या लताला या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन आता नुसती मान हलवायची सवय लागली होती.

तिची सासू कुसाबाई. स्वभावानं वाईट म्हणाल तर मुळीच नाही. दारी आलेला कुणी तिच्याकडून विन्मुख गेला नाही. चाळीस वर्षं तिनं एक कीर्तन चुकवलं नसेल. संध्याकाळी देवळात बुवा उभे राहिले, झांजांनी ठेका धरला, की बायकांच्या पहिल्या रांगेत कुसाबाई हजर. पूर्वरंगात डोळे मिटून डोलायची, उत्तररंगात पदरानं डोळे पुसायची आणि घरी येऊन ऐकलेलं सगळं सुनेला ऐकवायची. पण कीर्तनातला देव तिच्या घरी आला की त्याचा मागणेकरी होत असे. सुनेचे उपासाचे सोमवार झाले, गुरुवार झाले, मग शनिवार झाले. कुणी दिलेला अंगारा पाण्यातून झाला, कुणी सांगितलेला झाडपाला झाला. आठवड्यातले तीन दिवस उपाशी राहून लता इतकी वाळली, की बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

मुलगा रंगनाथ ओझरच्या विमान कारखान्यात होता. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळी यायचा, वर्तमानपत्रात तोंड घालायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितलं होतं, तपासायचं तर दोघांनाही तपासलं पाहिजे. "मला काय झालंय?" एवढं विचारून रंगनाथनं तो विषय मिटवला आणि कुसाबाईलाही तेच बरोबर वाटलं.

शेवटी त्या वर्षी, एकोणऐंशी सालच्या फाल्गुनात, तिनं स्वच्छच सांगून टाकलं, "लता, पाडव्यापर्यंत वाट बघते. नाहीतर तू नामपूरला माहेरी जा. घोटीला एक मुलगी बघून ठेवलीय मी. मला माझ्या घराचं बघायला हवं."

लता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. रंगनाथनं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याच आठवड्यात गोदावरीपलीकडच्या मैदानावर एक फिरतं प्रदर्शन आलं. "ऑस्ट्रेलियातील नवलाईचे प्राणी" असा कापडी फलक आणि दिवसभर कर्ण्यावर ओरडा. नाशिकनं सर्कशीतले वाघ-हत्ती पुष्कळ पाहिले होते, पण हे निराळं. माणसाएवढा उंच, उडता न येणारा एक पक्षी. तुरा फुलवून किंचाळणारे पांढरेशुभ्र पोपट. आणि मधल्या पिंजऱ्यात मागच्या पायांवर बसलेली, हरणासारख्या तोंडाची कांगारू मादी. त्या मोठ्या पक्ष्याची शेपटाकडची पिसं पहिल्या दोन दिवसांतच लोकांनी उपटून नेली. पोपटांना मुलं खडे मारायची. आपण बघायला जातो म्हणजे काय करतो, ते तिथं उभं राहिलं की दिसत होतं.

शेजारच्या पुतळाबाईनं बातमी आणली. "कुसाबाई, नवल बघून आले बाई. पोटालाच पिशवी, आणि पिशवीत पिल्लू. डोकं बाहेर काढून बघतंय टुकूटुकू."

कुसाबाई लताला घेऊन गेली. पिंजऱ्यापुढं उभी राहिली आणि तिला भरून आलं. पिल्लानं पिशवीतून तोंड काढलं, आईनं खाली वाकून ते चाटलं. कुसाबाईनं हात जोडले.

"लता, पाहिलंस? ही जनावर नव्हे. आईपणाची देवीच आहे. हिची ओटी भरायची तू. ही तुझी भरेल."

"आई, ती घाबरलीय," लता हळूच म्हणाली. "तिचे कान बघा कसे थरथरतायत."

"देवीपुढं असं बोलू नये."

दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड आणि गुळाचा खडा घेऊन दोघी गेल्या. प्राण्यांची राखण करणारा सावळीराम आडवा आला. घोटीकडचा, पन्नाशीचा, अंगात खाकी सदरा.

"मावशी, तिला तांदूळ, गूळ नाय चालत. गवतावरचं जनावर हाय ते."

"खायला कुठं देतेय? ओटी भरतेय."

सावळीराम प्रदर्शनाच्या मालकाकडं बघायला लागला. मालकानं हसून मान डोलावली. कुसाबाईनं सुनेचं मनगट धरून तिचा हात गजांतून आत घातला. पसाभर तांदूळ त्या पिशवीवर पडले. कांगारू मागं सरकली; पण पिंजरा तो केवढा? पाठ लगेच गजांना टेकली.

बाहेर उभ्या असलेल्या दहाजणींनी हे पाहिलं. पुढचं सांगायला नको. चार दिवसांत रांग लागली. पेठेतून, नाशिक रोडहून, आसपासच्या खेड्यांतून सासवा सुनांना घेऊन आल्या. सासू पुढं, सून मागं. कुणी पिशवीला कुंकू लावी, कुणी पिल्लाच्या डोक्याला हात लावून तो सुनेच्या पोटाला लावी. कर्ण्यावरचा माणूस आता "संतानदायी माता" असं ओरडू लागला. कुसाबाईला कृतार्थ वाटत होतं. देवळात बायका तिला म्हणायच्या, "पहिला दृष्टांत तुम्हाला झाला हो." ती रोज लताला घेऊन जायची.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी गर्दीचा कहर झाला. पिंजऱ्यात पडलेले तांदूळ, गूळ खाऊन कांगारूचं पोट फुगलं होतं, तोंडाला फेस होता. एका बाईनं नारळ पिशवीत ठेवायचा म्हणून दोन्ही हात आत घातले. दुसरीनं मागून शेपूट धरलं. कांगारू एकदम उसळली, गजांवर आदळली आणि तिची पिशवी सैल पडली. पिल्लू खाली आपटलं. ते ओरडलंसुद्धा नाही. त्यानं खोकल्यासारखा काहीतरी आवाज केला आणि ते गजांकडं सरपटत राहिलं. आई त्याच्याकडं न बघता एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा अंग आपटत होती.

बायका मागं सरल्या. "अपशकुन झाला," कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता मैदान रिकामं झालं. लता मात्र गजांपाशी बसली. तिनं हात घालून पिल्लू ओढून घेतलं आणि पदरात गुंडाळलं.

सावळीरामनं दोनदा ते आईपाशी ठेवून पाहिलं. दोन्ही वेळा आईनं त्याला पायानं लोटलं. तेव्हा त्यानं पिल्लू लताच्या हातात दिलं.

"पोटाशी धरून बसा बाई. ऊब लागंल. बाकी आता माझ्या हातात काय नाय."

तंबूमागं एक खोकं होतं, त्यावर लता बसली. पिल्लू तिच्या पोटाशी, वर पदर. कुसाबाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकली.

"हिनं टाकलं कसं रे पोटचं पोर?" ती म्हणाली. "आई अशी असते?"

सावळीरामनं आधी पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं. मग उकिडवा बसला.

"मावशी, मालक सांगतो, तिकडं रानात कुत्री मागं लागली की हिची पिशवी सुटते. लय भ्याली की आईपन सुटतं. हितं कुत्री न्हवती. आपुन होतो. तुमी पूजाच केली, मी नाय म्हनत नाय. पन तिला पूजा कळत नाय, हात कळतो. आठ दिस समद्या दुनियेचे हात तिच्या पोटावर."

त्यानं लताकडं बोट केलं.

"आन् रागावू नका, ही तुमची सून बी मी आठ दिस बघतोय. तिला कुनी इचारलं, की बाई जेवलीस का? तिच्या बी पोटावरच समद्यांचा डोळा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" कुसाबाई तोडून म्हणाली.

"मला नाय कळायचं तर कुनाला?" तो शांतपणे म्हणाला. "माझी भैन दिली व्हती घोटीतच. पाच वर्सं झाली, पोर नाय. सासूनं दुसरी आनली. भैन ईहिरीत गेली. मंग दुसरीला बी नाय झालं. तिसरी आनायची बोलनी चालली, तवा कुठं दाजीला डाक्टरकडं नेलं. दोष त्याच्यात निघाला. आता सांगा, माझी भैन कुनी आनून द्यायची?"

घोटीचं नाव ऐकून कुसाबाई दचकली. तिनं लताकडं पाहिलं. सहा वर्षांत प्रथमच तोंडाकडं पाहिलं असेल. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. आज शुक्रवार, म्हणजे काल हिचा गुरुवार झाला आणि उद्या शनिवार. आणि ही उपाशी, वाळलेली पोर दुसऱ्याच्या मरणाऱ्या पिल्लाला पोटाशी धरून हलक्या हातानं थोपटत होती.

नदीपलीकडून झांजा ऐकू आल्या. कीर्तनाची वेळ झाली होती. चाळीस वर्षांत प्रथम कुसाबाई उठली नाही. भूतमात्रांवर दया करा, हे बुवांच्या तोंडून तिनं हजारदा ऐकलं होतं, हजारदा डोळे पुसले होते. आणि या हातांनी काय केलं! सुनेचं मनगट धरून तो हात पिंजऱ्यात घालणारे हात तिचेच होते. हा पिंजरा तर आठ दिवसांचा. घरातला तर सहा वर्षांचा!

दिवस मावळता मावळता लता म्हणाली, "आई, हे गार पडलं."

सावळीरामनं मैदानाच्या कडेला खड्डा खणला. कुसाबाईनं ओटीसाठी आणलेला हिरवा खण त्या पिल्लाभोवती गुंडाळला. तिला रडू आलं नाही.

घरी रंगनाथ वाट बघत होता. "एवढा उशीर? मला भूक लागलीय."

"वाढून घे," कुसाबाई म्हणाली. "आणि तिलाही वाढ. उद्या रजा काढ. दोघं दवाखान्यात जा."

"मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. नसलं काही झालं तर घाबरतोस कशाला?"

रंगनाथनं आईकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

लता दाराशीच उभी होती. "आई, मी दवाखान्यात जाईन. पण यापुढं माझ्यावर कुणी उपास लादायचे नाहीत, काही पाजायचं नाही. आणि नामपूरला जायचं झालं तर माझी मी जाईन. कुणी पाठवायचं नाही."

कुसाबाईनं तिच्यासाठी पाट मांडला. "आधी जेव," एवढंच ती म्हणाली.

सकाळी ती एकटीच मैदानावर गेली. अपशकुनाचं विसरून रांग पुन्हा लागली होती. पुतळाबाई आपल्या भाचीला घेऊन पहिल्या नंबराला. कुसाबाई पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली.

"कुणी आत हात घालायचा नाही. काल हिचं पिल्लू गेलं. हे खूळ मी काढलं, पाप माझं आहे."

"वा गं वा," पुतळाबाई म्हणाली. "तुझ्या सुनेचं जमलं वाटतं? आता आमच्या पोरींच्या आड येतेस?"

"काही जमलेलं नाही. जमेल की नाही ठाऊकही नाही. न जमलं तरी लता माझ्याच घरात राहील, तिची इच्छा असेल तोवर. चौघींसमोर सांगते."

मालक धावत आला, आरडाओरडा झाला, कुणी तिला वेडी म्हटलं, कुणी ढकललं. ती हलली नाही. सगळी रांग काही मोडली नाही. पण पुतळाबाईची भाची आपल्या ताटातले तांदूळ भुईवर ओतून, मावशीकडं न बघता चालू लागली, आणि तिच्यामागं आणखी दोघीतिघी गेल्या.

त्या कांगारूनं त्यानंतर गवताला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली आणि प्रदर्शन दुसऱ्या गावाला निघून गेलं. दवाखान्यात दोष कुणाचा निघाला, निघाला की नाही, ते मी सांगणार नाही. कारण ते ऐकायला आपले कान टवकारतात, तीच तर आपली खोड आहे.

वाचकहो, पूजा केली म्हणून क्रूरपणा धुतला जात नाही. मुकं जनावर असो की घरची मुकी सून, तिच्या देहावर आपल्या आशेचं ओझं लादायचा हक्क देवानं आपल्याला दिलेला नाही. दया कीर्तनात ऐकून घरी येता येते. पण ती घरात वागवायची तर आधी समोरचीच्या तोंडाकडं पाहावं लागतं, आणि ती जेवली का, हे विचारावं लागतं.