एकोणीस डिसेंबरची नोंद

लेकीच्या महादेवपुरातल्या फ्लॅटवरून बसवनगुडीला यायला दोन बस बदलाव्या लागल्या, आणि दोन्हींत खंडोजी कंडक्टरवर डाफरला. शहात्तर वर्षांचा रिटायर हवालदार, पलटणीचा जुना कारकून, काखेत पुस्तकाची प्रुफं. रागाचं कारण पान तीनशे बारा. एकाहत्तरच्या लढाईत पडलेल्या जवानांची यादी त्या पानावर होती, आणि तीत नागनाथ नव्हता. खानापूरकडचा नागनाथ, त्याच्याच गावचा, एका ताटात जेवलेला दोस्त.

पलटणीचा इतिहास लिहीत होते बसवनगुडीत राहणारे कर्नल श्रीहरी. तेही त्याच पलटणीतले, पण लढाई झाली तेव्हा शाळेत होते. घराणं तीनशे वर्षं इकडं कन्नड मुलखात राहिलेलं, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं.

"या अण्णा. स्वल्प कॉफी घेऊ."

"कॉफी राहू द्या, साहेब. आमचा नागनाथ कुठाय?"

"यादी युद्धबंदीपर्यंतची आहे. सतरा डिसेंबर, रात्री आठ. नागनाथ एकोणीसला गेला, सुरुंगावर पाय पडून."

"मग? युद्धबंदी झाली हे सुरुंगांना कुणी कळवलं होतं?" खंडोजीनं प्रुफं टेबलावर आपटली. "त्याच्या बायकोला गावात एकाही झेंडावंदनाला कुणी बोलवत नाही. पुस्तकात नाव आलं तर निदान तेवढं तरी होईल. तेही तुम्हाला जड झालं?"

कर्नल चिडले नाहीत. त्यांनी वॉर डायरीच्या, म्हणजे पलटणीच्या लढाईतल्या रोजच्या नोंदवहीच्या, पानाची झेरॉक्स पुढं सरकवली. "तारखेचं मी सांभाळून घेतलं असतं. पण ही नोंद बघा. 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू.' हे वाचून मी त्याला त्या यादीत कसा घालू?"

नोंद इंग्रजीत होती, अक्षर टपोरं, वळणदार. खंडोजीला ते वाचायची गरज नव्हती. अक्षर त्याचंच होतं. कर्नलांनी डायरी उघडलीच नसेल, एवढ्या आशेवर तो भांडायला आला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लढाईच्या त्या दिवसांत संध्याकाळचा रिपोर्ट घेऊन जीप चार वाजता सुटायची. मग कारकुनांची रीत अशी, की दुपारी जेवून बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत जे होणार ते झालंच म्हणून लिहून टाकायचं. सगळेच करायचे. अठरा तारखेला खंडोजीनं लिहिलं, 'ओढ्याकडची वाट सुरुंगमुक्त.' काम चालू होतं, अंधारापर्यंत उरकेल असं त्यानं धरलं. धुकं उतरलं, काम अर्ध्यात थांबलं, आणि रिपोर्ट तर निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथ पुढच्या चौकीवर चपात्यांची टोपली घेऊन निघाला होता. त्यानं तंबूत डोकावून विचारलं, "ती वाट साफ झाली काय रे?" खंडोजीनं मान वर केली नाही. "रिपोर्ट गेलाय की. जा."

नागनाथ गेल्यावर कंपनी कमांडर एवढंच म्हणाले, "रिपोर्ट खोटा होता, की शिपाई निष्काळजी? दोन्हीपैकी एक लिही." खंडोजीनं लिहिलं.

पुढची पन्नासच्या वर वर्षं त्यानं त्या कमांडरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. गावात केला, इथं लेकीच्या फ्लॅटमध्ये केला. आता समोर स्वतःचं अक्षर पडलं होतं, आणि शिव्या द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. आता त्याला राग आला तो स्वतःचाच.

"कोरा कागद द्या, साहेब."

त्यानं सगळं लिहिलं. खाली सही केली, फौजेचा नंबर टाकला. कर्नलांनी दोनदा वाचलं.

"हे छापलं तर तुमची अब्रू जाईल, अण्णा."

"जाऊ द्या. माझी लबाडी आणि त्याचं नाव, दोन्ही छापा."

"सरी, छापतो. पण त्याच्या घरी तुम्ही आत्ता सांगायचं. पुस्तकातून कळू नये."

खंडोजीनं तिथूनच गावी फोन लावला, आणि नागनाथच्या बायकोनं, महानंदावहिनीनं, तो लगेच उचलला. त्यानं न थांबता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते विचारून गेले होते?" तिनं विचारलं.

"होय वहिनी. मला विचारूनच गेला."

"आमचा रणजीत लहानपणी ठेच लागून पडला, की मी त्याला बडवायची. बापासारखा धांदरटपणा करून मरशील म्हणायची. भावजी, तो आज चौपन्न वर्षांचा आहे. बापाच्या फोटोला त्यानं अजून हात जोडलेला नाही. मीच तसा वाढवला त्याला. फौजेकडून आलेल्या तुमच्या त्या कागदावरून."

पलीकडं तिनं कुणाला तरी हाक मारली.

"आता त्याला तुम्हीच सांगा," ती म्हणाली, आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"हॅलो," अगदी नागनाथसारखाच जाड आवाज आला. "कोण बोलतंय?"