नाकवाल्या काकांची निवड

“घाई नको. आधी ग्लास जरा गोल फिरवा, मग वास घ्या, आणि मगच घोट,” असं म्हणून नाकवाल्या काकांनी डोळे मिटले आणि नुकत्याच उघडलेल्या बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. काउंटरपलीकडची माणसं शाळेतल्या मुलांसारखी गप्प उभी होती.

पानगळ सुरू झाली की वाइनच्या त्या लहानशा दुकानात दर वर्षी हा कार्यक्रम व्हायचा. खिशाला परवडतील अशा काही लाल, काही पांढऱ्या वाइन काका निवडायचे आणि गिऱ्हाइकांना चाखायला द्यायचे. हवा गार झाली की उन्हाळ्यातली पाण्यासारखी पांढरी नकोशी वाटते, जरा भरदार चवीची हवी. लाल मात्र फार जड नको, ती कडाक्याच्या थंडीसाठी ठेवावी. हे सारं ते इतकं सोपं करून सांगत, की लेबल वाचायला घाबरणारी माणसंही धीटपणे प्रश्न विचारत.

“महाग बाटली कुणीही उचलेल,” ते म्हणत, “स्वस्तात चांगली शोधायला नाक लागतं.”

त्यावरूनच ते नाकवाले काका झाले.

ते नाक या वसंतात एका तापाबरोबर गेलं होतं; वासच येईनासा झाला होता. बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदाची निवड खरं तर तिचीच होती. काका नमुन्याच्या बाटल्या घरी न्यायचे आणि ती बिचारी एकेक घोट घ्यायची.

“ही आंबट. ही त्यातल्या त्यात बरी. अहो, मला वाइन मुळात आवडत नाही, मी काय सांगणार?”

“तुझं तोंड कमी वाकडं होतं ती चांगली.”

“त्यापेक्षा दुकानाच्या मालकांना सांगून का टाकत नाही?”

“सांगतो गं. पानगळीचं एवढं उरकू दे.”

आता काकांनी डोळे उघडले. “वा! पानं पडलेल्या वाटेवरून चालल्यासारखं वाटेल बघा,” ते म्हणाले आणि ग्लास भरले.

गिऱ्हाइकांतल्या एका निवृत्त बसड्रायव्हरने मोठा घोट घेतला, जरासा थबकला आणि मान डोलावली. “हो की! वाट आहे. चांगली ओली वाट आहे!”

टेलरबाईंनी मात्र ग्लास नाकाशी नेला आणि पटकन मागे घेतला. दर पानगळीला काकांच्या सांगण्यावरून त्या एक लाल, एक पांढरी नेत.

“काय झालं, बाई?”

“मला आपला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. पण तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलीच असणार. मला कुठलं कळायला, काका!”

भिजलेला पुठ्ठा म्हणजे बुचामुळे बिघडलेली वाइन. याच काउंटरवर उभं राहून काकांनी हे कितीतरी जणांना शिकवलं होतं.

“बाई, तुमच्या नाकात कापडाची खळ बसलीय!” ड्रायव्हर म्हणाला.

सगळे हसले. टेलरबाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले. काहीतरी अडाणीपणा केल्यासारखं वाटून त्यांनी घाईने घोट घेतला, गिळला आणि म्हणाल्या, “छान आहे.”

काकाही हसले होते. ते लक्षात आलं तसं त्यांना स्वतःचं तोंड कुठे लपवावं कळेना. मालक गल्ल्यापाशी फोनवर बोलत होते. गप्प राहिलं तर सगळं निभावून जाणार होतं. फक्त ही बाई यापुढे आपल्या नाकावर कधी विश्वास ठेवणार नव्हती. भीती घालवायला म्हणून जिला इतकी वर्षं शिकवलं, तिला आज आपणच खोटं पाडलं.

टेलरबाईंनी पिशवी उचलली. “मला आपली तुम्हीच एक बांधून द्या. कुठलीही.”

“बाई, थांबा.” काकांनी उघडी बाटली बाजूला सारली. “ही बाटली खराब आहे. तुमचं बरोबर आहे.”

“अहो, पण तुम्ही आत्ता तर...” ड्रायव्हर म्हणाला.

“मला वास येत नाही. तापानंतर गेला तो गेलाच. मी नुसतं बोलत होतो.”

ड्रायव्हरने हातातला ग्लास हळूच काउंटरवर ठेवला. मालकांनी फोन कानापासून खाली घेतला. काका त्यांच्याकडे बघू शकले नाहीत. मान खाली घालून त्यांनी तीच वाइन असलेली नवी बाटली उघडली, नव्या ग्लासात थोडी ओतली. हात सवयीने स्वतःच्या नाकाकडे वळला, अर्ध्यात थांबला, आणि ग्लास टेलरबाईंपुढे आला.

“तुम्ही सांगा.”

“मी?”

“कसा वास येतोय ते सांगा. येईल तसं.”

बाईंनी ग्लास गोल फिरवला. पुष्कळ वेळ वास घेतला.

“पुठ्ठा नाही,” त्या चाचरत म्हणाल्या. “चेरीसारखं काहीतरी आहे. आणि मागून... हसू नका हं. लोकरीच्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो ना, तसा.”

कुणी हसलं नाही. काकांनी डोळे मिटून श्वास आत ओढला. काहीच आलं नाही.

“पुढं सांगा,” ते म्हणाले.