टायरची हवा, गनची भूक

पोरीच्या सोयरिकीला उद्या ऐटीत जायचं, म्हणून फकिरानं जुनी कार घरीच रंगवायला काढली. रंग फवारायची गन आणली, हवेचा कॉम्प्रेसर इचोडा गावच्या पंक्चरवाल्याचा. "ट्रकचं टायर फुगवते, एवढीशी गन काऊन नाई चालवणार?" हा फकिराचा हिशोब.

अर्धं बॉनेट छान झालं, मग कॉम्प्रेसरवरचा प्रेशरचा काटा खाली आला अन् गन रंग थुंकू लागली. हवा भरेपर्यंत थांबावं, तर मारलेला रंग वाळून त्याची कड पडे.

"आत्ता तं प्रेशर भरपूर होतं!" फकिरा कॉम्प्रेसरवर खेकसला.

बायको मनकर्णा म्हणाली, "टायर भरलं का थांबते. तुमची गन हवा पेतच राह्यते."

बॉनेटवर नकाशा उमटला होता.

"उद्या बसनंच जाऊ," फकिरा पुटपुटला. "सोयऱ्याले सांगू, कार रंगाले देली."

"कोणाले देली, ते नका सांगू!"