रीताच्या वाट्याचे उपास

भंडाऱ्यातल्या मधुकररावांच्या साड्यांच्या दुकानामागेच त्यांचं घर. त्या सोमवारी सकाळी सगळ्यांचे पोहे झाले, आणि सून रीता ओट्याशी नुसता कोरा चहा घेऊन उभी होती. उपास होता. म्हणजे उपास सासूबाईंचा होता. धरत होती रीता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी रीताचं वजन आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेली होती. गुडघे जिना चढू देत नव्हते. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून तिचं जठर लहान केलं. पोटावर चार-पाच बारीक छेद, आणि लवकरच ती स्वतःच्या पायांनी चालत घरी आली. ऑपरेशन चांगलं झालं, यात वाद नाही. साखरेच्या गोळ्या सुटल्या. नवरा नीलेश दुकानात गिऱ्हाइकांना तिचे आधीचे आणि आताचे फोटो दाखवायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं की भूक फारशी लागणार नाही, तरी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचंच. डाळ, पनीर, अंडं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. घरानं यातलं एवढंच ऐकलं, की हिला भूक लागत नाही.

मग काय! सासू कौशल्याबाईंना पित्ताचा त्रास. त्यांनी आपले सोमवार सुनेच्या ओटीत टाकले. दुकानासाठी धरलेले नीलेशचे शनिवार तिच्याकडे आले, सासऱ्यांची चतुर्थी आली. शेजारच्या निर्मलाबाईंनीही नातवाच्या नोकरीसाठीचे गुरुवार घेशील का, म्हणून विचारून पाहिलं.

"तुले काय कठीण आहे, रीता? तुह्या पोटाले तसंही काही लागत नाही," कौशल्याबाई लाडानं म्हणायच्या.

आपण सुनेचा जीव घेतोय, हे त्या बाईच्या स्वप्नातही नव्हतं. मला राग येतो तो याचाच. आपल्याकडे घरात काही वाचवायचं झालं, की पहिल्यांदा बाईचं जेवण वाचवतात, आणि वर तिला पुण्यवान म्हणतात.

रीताच्या केसांचे पुंजके मोरीत अडकू लागले. पायांना मुंग्या यायच्या. पोळ्याच्या आधी साड्यांचा गठ्ठा उचलताना ती दुकानातच कोसळली. रक्त तपासल्यावर डॉक्टर नीलेशवर चिडले. अशीच उपाशी राहिली तर पायांतली ताकद कायमची जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परतताना नीलेश म्हणाला, महालक्ष्म्या होऊन जाऊ दे, मग पाहू.

महालक्ष्म्यांच्या दिवशी पहाटेपासून सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. नैवेद्यापर्यंत सुनेनं पाणीही घ्यायचं नाही, हा घरचा शिरस्ता. दुपारी वरठीहून रुखमिणीआत्या आणि पाहुणे आले, आरतीची तयारी झाली. रीताच्या पायांत पुन्हा मुंग्या भरल्या. तिनं कढई उतरवली, हात धुतले, वाटीत शिजवलेले मूग आणि पनीर घेतलं, आणि थेट महालक्ष्म्यांसमोर पाट मांडून बसली.

"रीता, नैवेद्य व्हायचा आहे. काय करून राहिली तू?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"जेवून राहिली, आई."

"पाहुणे पाहून राहिले. ऊठ," मधुकरराव म्हणाले.

"पाहू द्या, बाबा. मले भूक लागत नाही, हे खरं आहे. पण अन्न लागते. तुमची चतुर्थी आजपासून तुमाले. आईचे सोमवार आईले." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अन् तुमचे शनिवार तुमाले."

देवी कोपेल, असं रुखमिणीआत्या पुटपुटल्या.

"कोपली तं तो कोपही माह्याच वाट्याले टाका, आत्या. बाकी सारं टाकलंच आहे."

नीलेशनं वाटी घ्यायला हात पुढे केला. रीतानं वाटी मांडीत धरली आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यानं हात मागे घेतला.

अशा ऑपरेशननंतर घास बारीक चावावा लागतो, घाई केली तर उलटून पडतो. वाटीभर मुगालाही बराच वेळ लागतो. ती पाटावरून उठल्याशिवाय आरतीला जागा नव्हती. नैवेद्याचं ताट कौशल्याबाईंच्या हातात निवत होतं, पुरुषांच्या पंगतीची पानं कोरडी होती, आणि सासरा, नवरा, आत्या, पाहुणे असे सगळे उपाशीपोटी त्या घरच्या सुनेचं जेवण आटोपायची वाट पाहत उभे होते. रीतानं घाई केली नाही.